बहिणीच्या पानावर उघडणारं पुस्तक

पेन बाहेर ठेवा. पुढे जिथे जायचं आहे तिथे शाई चालत नाही. निदान आपली चालत नाही. खिशात एक पेन्सिल असू द्या, तीही मऊ. हातमोजे असतील तर काढा. सिनेमातले संशोधक पांढरे मोजे घालून जुनी पुस्तकं उघडतात, त्यांना खुशाल घालू द्या. मोज्यातल्या बोटाला पानाची कड कळत नाही आणि पान फाटतं. साबणाने हात धुतले, नीट कोरडे केले, की झालं.

तुम्ही मुंबईत फोर्टमध्ये आहात, एका कायदा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. नोकरी दुर्मीळ पुस्तकांच्या कॅटलॉगरची. पुढच्या हॉलमध्ये वकिलांची वर्दळ आहे. अडीच वाजता ज्याचं मॅटर बोर्डावर आहे तो ज्युनिअर धापा टाकत येतो, रिपोर्ट्सचा खंड मागतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि पळतो. त्याला आजचा कायदा हवा असतो. अशा ग्रंथालयात जुनी आवृत्ती नुसती अडगळ नसते, जोखीम असते. रद्द झालेलं कलम वाचून कोणी कोर्टात उभा राहिला तर त्याची धडगत नाही. म्हणून नवी आवृत्ती आली की जुनी उचलायची, यादी करायची, निर्लेखनाला पाठवायची. इतर ग्रंथालयांत पुस्तक वाचून वाचून झिजतं. इथे एका राजपत्राने ते एका दिवसात मरू शकतं. तुमच्या टेबलावर येतात ती अशी मेलेली, पण कुणीतरी कधीतरी फेकायची राहून गेलेली.

आज आलेल्या पुस्तकाचा कणा चामड्याचा आहे आणि त्याचा तांबूस भुगा तुमच्या बाहीला लागलाय. मुंबईच्या दमट हवेत जुनं चामडं असंच सुटत जातं. मामांनी, म्हणजे शिपाईमामांनी, ते दोन्ही हातांनी आणून फोमच्या पाचरींवर ठेवलं. "जपून हं, याला तीन बांधण्या झाल्यात," असं सांगून ते चहा आणायला गेले. तीन हा आकडा त्यांनी कुठून काढला ते विचारायचं राहिलं, पण मामा अशा बाबतीत सहसा चुकत नाहीत.

तुमचं काम पंचनाम्याचं आहे. पंच जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहून सही करतात. खून कोणी केला हे सांगणं त्यांचं काम नाही. तसंच इथे. शीर्षकपान जसं छापलंय तसं उतरवायचं, चुकीसकट. मग फर्मे मोजायचे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली एक इंग्रजी अक्षर असतं आणि ही अक्षरं सव्वीस नसून तेवीस असतात, कारण छापखान्यांनी ही मोजणी लॅटिन वर्णमालेवरून घेतली. त्यात आय आणि जे एक, यू आणि व्ही एक, आणि डब्ल्यूला जागाच नाही. नव्या माणसाला वाटतं पानं गहाळ आहेत. तसा घाबरून शेरा लिहिलेली जुनी कार्डं ड्रॉवरमध्ये सापडतात. मग कागद उजेडाकडे धरून जलचिन्ह आहे का पाहायचं. मग शिक्के, सह्या, किमती, किड्याने पाडलेली भोकं. मग समासातलं हस्तलेखन, वाचता येईल तेवढं.

शीर्षकपान सांगतं: सुरत, मिशन प्रेस, १८२७. भाषांतरकार हॅरी बोराडेल, मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला. ग्रंथाचं नाव रोमन लिपीत असं छापलंय की तुम्ही ते मोठ्याने वाचता आणि मामा चहाचा कप ठेवता ठेवता हसतात: व्युवुहारु मुयूखु. त्या काळी काही साहेब आपल्या 'अ'साठी यू लिहीत. तुम्ही आधी ते जसंच्या तसं टाइप करता आणि मग दुसऱ्या रकान्यात प्रमाण नाव घालता: व्यवहारमयूख, कर्ता नीलकंठ भट्ट. हा दुसरा रकाना भरला नाही तर हे पुस्तक कपाटात असूनही कधीच कुणाला सापडणार नाही. असं बरंच काही आपल्याकडे कपाटात असूनही सापडत नाही.

शीर्षकपानामागे एक गोल शिक्का आहे. नाव पुसलंय, 'वकील, हायकोर्ट' एवढं उरलंय. म्हणजे हा शिक्का १४ ऑगस्ट १८६२ नंतरचा, कारण त्याआधी मुंबईत हायकोर्टच नव्हतं. आणि मग ती गोष्ट होते जिच्यासाठी हा सगळा प्रवास आहे. तुम्ही पुस्तक पाचरींवर सोडून देता आणि ते आपलं आपण उघडतं. एकाच जागी. दुसऱ्यांदा सोडलं तरी तिथेच. त्या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर अंगठ्यांचा मळ बसलाय, एकाचा नव्हे, थरांवर थर. बाकीची पानं त्या मानाने कोरी. समासात पेन्सिलीची एक फुली. मजकूर वारसांच्या क्रमाचा आहे: पुत्रहीन माणूस वारला तर त्याची मिळकत कुणाला. विधवा, मुलगी, मुलीचा मुलगा, बाप, आई, सख्खा भाऊ, त्याचा मुलगा, आजी. आणि आजीनंतर, फुलीसमोर, बहीण.

खुर्ची घट्ट धरा.

जून १९५६. खोली हीच, पण पंखा लांब दांड्याचा आणि खिडकीबाहेर ट्रामचा खडखडाट. सतरा तारखेला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झालाय. ग्रंथपाल कपाटासमोर उभे आहेत, हातात लाल पेन्सिल. तीस वर्षांपूर्वी ज्या खंडांवाचून वारसाहक्काचा एक दावा चालत नसे, ते सगळे एका ओळीत मावले आहेत, आणि नव्या कायद्याच्या प्रतींना जागा हवी आहे. तुम्ही कोपऱ्यात उभे राहून यादी वाचता. हे पुस्तक त्यात आहे. त्यावर लाल रेघ आहे. मग कुणीतरी, कुणी ते दिसत नाही, त्या रेघेशेजारी काळ्या पेन्सिलीने लिहिलंय: 'राहू द्या'. कारण नाही, सही नाही. दुर्मीळ पुस्तकांचे निम्मे संग्रह अशा बेकायदेशीर शेऱ्यांवर उभे आहेत, असं माझं मत आहे, आणि एकाही वार्षिक अहवालात त्याची दखल नाही.

अजून तीस वर्षं मागे या. १९२६, गिरगावातली आंग्रेवाडी. इथे थांबायला वेळ नाही, पण पांडुरंग वामन काण्यांच्या टेबलावर एक नजर टाका. हायकोर्टातले वकील. दिवसा मुकदमे, उरलेल्या वेळात मयूखाची शुद्ध आवृत्ती. वेगवेगळ्या हस्तलिखितांना एकेक अक्षर देऊन पानाच्या तळाशी पाठभेद नोंदवलेत. या आवृत्तीच्या प्रस्तावनेच्या निमित्तानेच त्यांच्या मनात धर्मशास्त्राचा इतिहास लिहायचं आलं. पहिला खंड १९३० ला आला, शेवटचा १९६२ ला; पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं, आणि १९६३ ला भारतरत्न. एका प्रस्तावनेचा असा विस्तार झालेला दुसरा नमुना मराठी माणसाला माहीत नसेल. तुम्ही कॅटलॉगर म्हणून एवढंच टिपून घ्या की नीलकंठाच्या लेखनाचा काळ साधारण १६१० ते १६४५ असा काण्यांनी ठरवला. कर्त्याच्या नावापुढचा तो रकाना त्यामुळे भरता येतो.

आता १८६४, आणि इथे जरा बसू. कारण कायद्याच्या पुस्तकांची किंमत या वर्षी एकदम वाढली, आणि ती का वाढली हे पुस्तकांकडे पाहून कळत नाही.

तोवर कंपनीच्या आणि नंतर राणीच्या दिवाणी कोर्टांत शास्त्री असत. पगारी. न्यायाधीश गोरा; हिंदू धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला की तो लेखी सवाल काढी, शास्त्री उत्तर देत, आधाराला ग्रंथाचं नाव देत. १८६४ च्या अकराव्या कायद्याने ही पदं बंद झाली. तुम्ही एका जिल्हा कोर्टाच्या ओसरीवर उभे आहात असं समजा. काल इथे पागोटं घातलेले एक वृद्ध गृहस्थ पोथी मांडीवर घेऊन बसत. आज ती जागा रिकामी आहे आणि आत न्यायाधीशाला दत्तकाचा प्रश्न पडलाय. कारकून कपाळाला आठ्या घालून विचारतो, "आता कुणाला विचारायचं?"

विचारायचं पुस्तकाला. तेही इंग्रजी पुस्तकाला, कारण वाचणारा साहेब. पुढल्याच वर्षी मद्रासेत व्हिटली स्टोक्सने हिंदू कायद्याची भाषांतरं एका खंडात बांधून काढली आणि त्यात बोराडेलचा मयूखही घेतला. १८६७ आणि १८६९ मध्ये मुंबईत रेमंड वेस्ट आणि योहान गेओर्ग ब्यूलर यांनी शास्त्र्यांनी कोर्टांना दिलेली जुनी उत्तरं निवडून, विषयवार लावून छापली. शास्त्री घरी गेले, त्यांच्या चिठ्ठ्या ग्रंथ झाल्या. ब्यूलर-वेस्टच्या त्या खंडांची नोंद करताना मला नेहमी प्रश्न पडतो की 'लेखक' म्हणून कुणाला धरायचं. नियम सांगतो, शीर्षकपानावर जे आहेत ते. शीर्षकपानावर दोन साहेब आहेत.

या सगळ्याला एका मराठी वकिलाने दिलेलं उत्तर १८८० चं आहे. विश्वनाथ नारायण मंडलिक, रावसाहेब, दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांनी मयूखाचं मूळ संस्कृत छापलं, सोबत याज्ञवल्क्यस्मृती, दोन्हींचं स्वतःचं इंग्रजी भाषांतर आणि वर भरगच्च परिशिष्टं. आधीच्या भाषांतरावर समाधान असतं तर इतकी उस्तवारी कोणी केली नसती. मूळ ग्रंथ शेजारी छापला की साहेबाला संस्कृत येवो न येवो, समोरच्या वकिलाला तरी तपासता येतं. हा डाव मोठा धूर्त होता. मंडलिकांचा हस्तलिखितांचा संग्रह पुढे पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात गेला. काण्यांचा जन्मही १८८० चाच, हा निव्वळ योगायोग. पण कॅटलॉगच्या ड्रॉवरमध्ये हे आकडे एकाखाली एक आले की माणूस क्षणभर थबकतो.

इथे मामा असते तर म्हणाले असते, चहा गार होतोय. चला, सुरत.

१८२७. शहराचा तो जुना डौल उतरलेला. जहाजं आता मुंबईला लागतात. तापीवरून येणारी हवा, आणि मिशनच्या आवारातल्या लांबट खोलीत ओल्या कागदाचा वास. छापण्याआधी कागद ओलावून घ्यावा लागतो, नाहीतर शाई नीट धरत नाही. लंडन मिशनरी सोसायटीच्या मंडळींनी हा छापखाना थाटला तो गुजराती बायबलसाठी. नवा करार १८२१ ला इथेच छापून झाला. जिथे कालपर्यंत ख्रिस्ताचं चरित्र जुळत होतं तिथे आज हिंदूंच्या वारसांचा क्रम जुळतोय. जुळाऱ्याला त्याचं काही नाही. तो डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने केसमधून खिळे उचलतोय, अक्षरं उलटी, ओळ उजवी-डावी फिरवलेली, आणि त्याचा हात न पाहता योग्य खणात जातो. 'यू'चा खण मात्र आज सारखा रिता होतोय. व्युवुहारु मुयूखु या दोनच शब्दांत किती यू जातात ते पाहा, म्हणजे त्याचं दुःख कळेल.

जवळ जा. मजकुराचा एक गठ्ठा, दोऱ्याने बांधलेली गॅली, बाजूला तपासायची मुद्रितं. एका मुद्रितावर इंग्रजी हस्ताक्षरात दुरुस्ती आहे, आणि त्याच पानाच्या कडेला, वेगळ्या शाईत, देवनागरीत दोन अक्षरं. कुणा शास्त्र्याने संस्कृत शब्द पुन्हा दाखवून दिला असेल. तुम्ही ते टिपायला पेन्सिल काढता आणि थांबता, कारण हे मुद्रित उद्या चुलीत जाणार आहे. तुमच्या टेबलावरच्या प्रतीत त्यातलं काही उरलेलं नाही. शास्त्र्याशिवाय कुठल्या मुलकी अधिकाऱ्याने नीलकंठाच्या संस्कृतातून वाट काढली असेल असं मला वाटत नाही, पण कॅटलॉगमध्ये 'साहाय्यक' या रकान्यात 'असावा' असं लिहिता येत नाही.

हा खटाटोप याच वर्षी का चाललाय? कारण याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची नियमावली आली. चौथ्या रेग्युलेशनच्या सव्विसाव्या कलमाने मुंबई इलाख्याच्या दिवाणी कोर्टांना सांगितलं की आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे नियम पाहा. ते नसतील तर जिथे दावा उद्भवला त्या मुलखाची वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच हाती लागलं नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. वहिवाट ग्रंथांच्याही आधी! बंगालमध्ये साहेब पंडितांकडून ग्रंथ रचून घेत होते, इथे साहेब गावोगाव विचारत सुटले. पुण्यात आर्थर स्टीलने दख्खनच्या जातींचे रिवाज गोळा करून १८२७ मध्येच छापले. गुजरातेत बोराडेलने जातीजातींच्या पुढाऱ्यांकडून चालीरीती लिहून घेतल्या. ती दप्तरं बासनात राहिली आणि छापून यायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. भाषांतर मात्र लगेच छापलं. ते त्या ओल्या कागदावर आत्ता तुमच्यासमोर उतरतंय. दांडा ओढल्याचा आवाज येतो, कागद सुटतो. वारसांचं पान. आजी. बहीण. अजून त्यावर कुणाचाही अंगठा लागलेला नाही.

आणखी मागे, दोनशे वर्षं. काशी.

सांभाळून, पायऱ्या ओल्या आहेत. शाहजहानचं राज्य आहे. गल्लीत दक्षिणी बोली ऐकू येते, कारण पैठणहून आलेलं भट्टांचं घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदतंय. नीलकंठाचे आजोबा नारायणभट्ट, वडील शंकरभट्ट. चुलतभाऊ कमलाकरभट्ट, निर्णयसिंधू लिहिणारे. आणि दुसऱ्या चुलतभावाचा मुलगा गागाभट्ट, जो १६७४ मध्ये रायगडावर जाईल. एका घरात इतके ग्रंथकार असले की जेवायच्या पंगतीला काय वाद होत असतील कोण जाणे. नीलकंठाचा आश्रयदाता सेंगर राजपूत भगवंतदेव, यमुना-चंबळच्या संगमाजवळच्या भरेहचा. म्हणून अख्ख्या ग्रंथाचं नाव भगवंतभास्कर, आणि त्याचे बारा किरण म्हणजे बारा मयूख. संस्कार, आचार, श्राद्ध, दान, शांती असे ते आहेत आणि त्यांत एक व्यवहाराचा, म्हणजे कज्जेखटल्यांचा. बाराही किरण आपापल्या जागी तेजस्वी असतील, पण इंग्रजांच्या कोर्टात तळपला तो हा एक.

ओसरीवर एक लेखक बसलाय. लेखक म्हणजे नक्कल करणारा. मांडीवर फळी, हातात बोरू, शेजारी दौत आणि हरताळाची वाटी. चुकलं की त्यावर पिवळा लेप, वाळला की पुन्हा अक्षर. तुमच्याकडे न पाहता तो विचारतो, "कुठले?"

"मुंबईचे."

"फिरंग्याच्या मुलखातले? तिकडे काय आहे?"

तुम्ही काही बोलत नाही. त्याच्या या पानावर एक दिवस तिथे रोखे, वाडे, पेढ्या ठरणार आहेत हे कसं सांगायचं?

पोथी उचलून पाहा. (विचारून. सगळीकडे विचारूनच.) शीर्षकपान नाही, ग्रंथाचं नाव शेवटी, पुष्पिकेत. बांधणी नाही, सुटी पानं, वरखाली फळ्या. फर्म्याची खूण नाही, समासात पानाचा आकडा. तुमच्या फॉर्मचे निम्मे रकाने इथे कोरे पडतात. पण या कारखान्याचंही मोजमाप आहे: बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ, आणि किती ग्रंथ उतरवले त्यावर लेखकाचे पैसे. म्हणजे पान हरवलं की नाही हे तुम्ही अक्षरांनी ओळखता, आणि हा ग्रंथसंख्येने. दोघांचं काम सारखंच कंटाळवाणं आहे, पण मोबदला त्याचा जास्त चोख.

आता ते पान. बहीण वारस कशी? समोरचा पक्ष तयार आहे: ती लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेली, मग भावाच्या मिळकतीवर तिचा काय संबंध. नीलकंठाचं उत्तर दोन-तीन ओळींत आहे. ती भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून ती गोत्रज आहे. आज ती सगोत्र नाही हे खरं, पण धन घ्यायला सगोत्र असावं लागतं असं कुठे म्हटलंय? बस्स. पुढच्या मुद्द्याकडे गेला. ना आवाज चढवलाय, ना बहिणीची कड घेतल्याचा आव. एखादा हुशार वकील प्रतिपक्षाची एक चूक दाखवून खाली बसतो तसा तो बसलाय. हिंदुस्थानात इतर बहुतेक ठिकाणी, जिथे मिताक्षरा हा धर्मशास्त्रग्रंथ प्रमाण मानत त्या मुलखात, बहिणीला अशी जागा मिळायला १९२९ चा कायदा यावा लागला. इथे ती तीनशे वर्षं आधी दिलेली आहे.

आता शेवटची उडी, उलट दिशेने. १८६१, मुंबई, अपोलो स्ट्रीट.

ही ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. हायकोर्ट यायला अजून वर्ष आहे. इथे सुप्रीम कोर्ट बसतं, राणीचं कोर्ट, विग आणि काळे झगे. दावा विनायक आनंदराव विरुद्ध लक्ष्मीबाई. मयताची मिळकत घराण्यातले पुरुष मागतायत आणि त्याची बहीणही. लक्ष्मीबाई तुम्हाला दिसणार नाहीत. बाईमाणूस कोर्टात येण्याची ती वेळ नव्हे. दिसतं ते टेबल, त्यावर पुस्तकांची चळत. वकील जागा सांगतो: मयूख, प्रकरण ४, भाग ८, परिच्छेद १९. मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात इथे मयूखाचं वजन मिताक्षरेहून जास्त. मराठ्यांच्या अमलाबरोबर दक्षिणी शास्त्र्यांचा दबदबा गुजरातेत वाढला, हे त्याचं एक कारण मानलं जातं. काशीच्या ओसरीवरचा तो दोन-तीन ओळींचा मुद्दा आता इंग्रजीत, उलट्या जुळलेल्या खिळ्यांतून सुलटा होऊन, न्यायाधीशांसमोर आहे. निकाल बहिणीच्या बाजूने लागला. अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलात गेलं आणि १८६४ मध्ये तिथेही तो कायम झाला. त्यानंतर इलाख्यातल्या किती बहिणींच्या वकिलांनी ती जागा काढून दाखवली असेल!

तुम्ही गर्दीतून पुढे सरकता. टेबलावरची प्रत पाहायची आहे. कणा चामड्याचा आहे. पण चामड्याचा कणा सगळ्यांचाच असे. ती तुमची प्रत आहे का? कोपऱ्यावर मळ आहे का? पट्टेवाला तुम्हाला मागे ढकलतो.

खोलीत या. चहावर साय आलीये.

मोह होणारच. वेबसाइटवर एक छान ओळ होईल: लक्ष्मीबाईंच्या खटल्यात वापरलेली प्रत. वरिष्ठ खूश होतील, कदाचित बातमीही येईल. तर मग पंच म्हणून पुन्हा पाहू. शिक्का 'हायकोर्ट'चा, म्हणजे १८६२ नंतरचा. हा वकील १८६१ च्या टेबलाशी नव्हता, निदान हा शिक्का घेऊन नव्हता. त्याआधी ही प्रत कुणाकडे होती याची खूण नाही. उलट बाजूने पाहिलं तर स्टोक्सचा खंड १८६५ ला आल्यावर सुरतेची ही जुनी आवृत्ती पुढ्यात ठेवायची फारशी गरज राहिली नाही, आणि १८८० नंतर तर नाहीच. म्हणजे अंगठ्यांचा बराचसा मळ त्याआधीचा असावा, असा तर्क पटतो. पण तो तर्क आहे. तो लिहायचा तर तुम्ही लेख लिहा, स्वतःच्या नावाने. कॅटलॉगमध्ये येईल ते एवढंच:

'शीर्षकपानामागे गोल शिक्का, मालकाचं नाव अस्पष्ट, "वकील, हायकोर्ट". वारसाक्रमाच्या पानावर खालच्या उजव्या कोपऱ्याला वापराचा दाट मळ. समासात बहिणीच्या उल्लेखासमोर पेन्सिलीची फुली. प्रत याच जागी आपोआप उघडते. कणा चामड्याचा, जीर्ण. नंतर दुरुस्त केलेला.'

दुरुस्तीच्या खुणा मोजल्या तर दोन निघतात. मूळ बांधणी धरून तीन. मामा बरोबर होते.

उरतो विषयाचा रकाना. प्रमाण यादीतून निवडायचं: 'उत्तराधिकार आणि वारसा (हिंदू कायदा)'. निवडता. बरोबर आहे, आणि निरुपयोगीही, कारण या शीर्षकाखाली तुमच्याच ग्रंथालयात कपाटं भरतील. पुण्याहून, कोल्हापूरहून, कदाचित सुरतेहूनच एखादी संशोधक येईल आणि शोधखिडकीत जे टाइप करेल ते या यादीत नाही. खाली एक रकाना आहे, स्थानिक विषयांसाठी. बहुतेक जण तो रिकामा सोडतात, कारण त्याची तपासणी होत नाही. तुम्ही त्यात लिहिता: बहीण. मग स्वल्पविराम, आणि: वारसाहक्क, मुंबई इलाखा.

सेव्ह. सॉफ्टवेअर विचारतं, प्रत घरी द्यायची का. तुम्ही 'नॉट फॉर लोन' निवडता आणि मामांना हाक मारता. पुढचं पुस्तक बरंच जड आहे; त्याला दोन माणसं लागतील.